रहिवासाचा कागद

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आणि निजामाच्या अमदानीत टाकलेल्या लोहमार्गाच्या कडेला वसलेल्या आमच्या बदनापूर तालुक्यात, एका महाविद्यालयाच्या कार्यालयात पंचवीस वर्षे मी शिष्यवृत्तीचे टेबल सांभाळले. आणि या पंचवीस वर्षांत माझ्या हातून जे अर्ज पुढे गेले, त्यांच्यापेक्षा जे मी परत दिले तेच आज मला अधिक स्पष्ट आठवतात. पुढे गेलेल्या अर्जांची नोंद आवक-जावक वहीत आहे, त्यांची मंजुरी आहे, त्यांचे धनादेश निघाले आहेत. परत दिलेल्या अर्जांची नोंद कोठेच नाही. असली तर ती माझ्यापाशी आहे, आणि ती एकदा लिहून काढावी म्हणून हा प्रपंच.

नोकरीचे तिसरे वर्ष असावे. प्रवेशाची मुदत संपायला दोन दिवस उरले असताना नाथजोगी समाजातला एक मुलगा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. प्लास्टिकच्या पिशवीत दुहेरी गुंडाळलेली बारावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला एवढीच त्याची इस्टेट. जातीचा दाखला नव्हता, अधिवासाचा दाखला नव्हता, उत्पन्नाचा नव्हता. दाखले नसतील तर त्याची गणना खुल्या प्रवर्गात होणार आणि शुल्क पुरे भरावे लागणार, हे मी त्याला समजावून सांगितले. तो आकडा ऐकून त्याने काही वाद घातला नाही. "कागद घेऊन ये, मग पाहू," असे म्हणून मी अर्ज त्याच्या हातात परत दिला. नियमाला धरूनच मी वागलो होतो, आणि त्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना माझ्या मनाला कसलीही टोचणी नव्हती. दोन वर्षांनी जालन्यात, लोखंडाच्या सळ्या लाटणाऱ्या गिरण्यांच्या बाजूला, एका मालमोटारीवर सळ्यांचे भारे चढवताना तो मला दिसला. ओळख त्यानेच दिली. घाम पुसून जवळ आला आणि म्हणाला, "सर, कागद नाही गवसला." जणू मी दिलेले एक काम त्याच्याकडून राहून गेले होते आणि त्याचीच तो माफी मागत होता.

तो कागद त्याला का गवसला नाही, हे समजून घ्यायला मला पुढची कित्येक वर्षे लागली.

ज्यांना या कचेऱ्यांचा सराव नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. आपल्या राज्यात जातीचा दाखला मागणाऱ्याने आपले कुटुंब एका ठरावीक दिवशी महाराष्ट्राच्या आजच्या हद्दीत राहत होते, याचा लेखी पुरावा द्यावा लागतो. त्या दिवसाला कचेरीच्या भाषेत मानीव दिनांक म्हणतात. अनुसूचित जातींसाठी तो १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. पुरावा म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा निर्गम उतारा, जमिनीचा सातबारा, खासरा पत्रक, जन्ममृत्यूची नोंद, घरपट्टीची पावती. दाखला मिळाल्यावर त्याची वैधता पडताळणी समितीकडून करून घ्यावी लागते. या साऱ्याचा कायदा २००० सालचा. तो पुढच्या वर्षी अमलात आला, आणि त्याच्या आठव्या कलमात स्वच्छ लिहिले आहे की, आपण त्या जातीचे आहोत हे सिद्ध करण्याचा भार मागणी करणाऱ्यावर राहील. खोटे दाखले काढून दुसऱ्याच्या ताटातले ओढणारे पुष्कळ निघाले म्हणून हा बंदोबस्त करावा लागला, हे मी नाकारीत नाही. तसे खोटे कागद माझ्याही टेबलावर आले आहेत आणि ते मी बाजूला काढले आहेत. परंतु ज्या घराला शेत नाही, घरपट्टी नाही आणि ज्यातला आजा शाळेची पायरी चढलाच नाही, त्या घराने हा भार कोणत्या खांद्यावर उचलायचा, याचा विचार त्या कलमात नाही.

अधिवासाच्या दाखल्याचेही तसेच. राज्यात पंधरा वर्षे वास्तव्य असल्याचा पुरावा आणला की तो मिळतो. हा पंधराचा आकडा वाचताना मराठवाड्यातल्या जुन्या माणसाला हैदराबाद संस्थानातले मुलकी नियम आठवल्यावाचून राहत नाहीत. निजामाच्या राज्यात सरकारी नोकरी मिळावयाची तर इसम मुलकी असावा लागे. आणि जन्माने जो मुलकी नसेल त्याने संस्थानात पंधरा वर्षे कायम वास्तव्य केले असून मूळ मुलखी परतण्याचा इरादा सोडला आहे, असे शपथेवर लिहून द्यावे, असा १९१९ च्या फर्मानाचा आशय होता. बाकीचे सारे गैरमुलकी. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले, १९५६ साली आम्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १९६० साली महाराष्ट्रात. दफ्तराची भाषा उर्दूची मराठी झाली, पण रहिवास मोजण्याची पट्टी तेवढ्याच लांबीची राहिली. त्या पट्टीने मुक्काम मोजता येतो, फिरती मोजता येत नाही. पालावर राहणाऱ्या कुटुंबाने पंधरा नव्हे, दीडशे वर्षे याच दुधना-गोदावरीच्या खोऱ्यात काढलेली असतात. मात्र एका गावी चार महिने, दुसऱ्या गावी दोन, तिसऱ्या गावच्या जत्रेपुरते आठ दिवस, अशी. कोणत्याही एका तलाठ्याच्या दफ्तरात ती बेरीज होत नाही.

यातली एक गोष्ट मला फार लागते. इंग्रजी अमलात १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, तेव्हा ज्या जमाती त्याच्या सूचीत आल्या त्यांतल्या माणसांची रोजची हजेरी घेतली जाई, परवान्यावाचून त्यांना वस्तीबाहेर जाता येत नसे, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड त्यांच्या वसाहती होत्या. म्हणजे ज्यांच्यावर संशय होता, त्यांची रात्र कोठे गेली हे सरकारला नेमके ठाऊक असे. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला आणि ते विमुक्त झाले. आता त्यांचीच नातवंडे शिकण्यासाठी शुल्काची सवलत मागायला येतात तेव्हा आपण त्यांना विचारतो, तुम्ही कोठे राहत होता याचा कागद कोठे आहे?

पुढची हकिकत एका घिसाडी मुलीची. तिचा निकाल बारा-एक वर्षांपूर्वी लागला. गावाचे आणि माणसांचे नाव मी मुद्दाम टाळतो.

मुलगी आमच्याकडे अकरावी-बारावी विज्ञानाला होती, आणि औषधनिर्माणशास्त्राला जाण्याचे तिच्या मनात होते. बारावी विज्ञानाच्या मुलांचे पडताळणीचे प्रस्ताव महाविद्यालयामार्फत जातात, म्हणून मी वर्गात सूचना फिरवली आणि ज्यांचे प्रस्ताव आले नाहीत त्यांना बोलावून घेतले. ती आली आणि म्हणाली, "सर, आमच्याकडं जातीचाच दाखला नाही." त्या वेळी मला लोखंडाच्या भाऱ्याखालचा तो मुलगा आठवला. मी तिला परत पाठवले नाही. कार्यालय सुटल्यावर तिच्याबरोबर तिच्या पालावर गेलो.

बाजारतळाच्या मागे, बाभळीच्या आडोशाला गाडा उभा होता. जमिनीत पुरलेली ऐरण, हाताने फिरवायचा पंखा, निखाऱ्यात लाल होत असलेला खुरप्याचा तुकडा. बाप सांडशीने लोखंड धरी आणि आई घण घाली. घिसाड्यांत घण बाईच्या हाती असतो हे मी तोवर नीट पाहिलेही नव्हते. मला बसायला पोते टाकले गेले. बापाचा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला, म्हणजे मानीव दिनांकाच्या अकरा वर्षे नंतरचा. त्याचा कागद असता तरी उपयोगाचा नव्हता. म्हणून मी म्हातारीकडे वळलो. आजीच्या स्मरणात साल नव्हते, महिना नव्हता. होती ती गावे. थोरला सोमठाण्याच्या जत्रेत झाला, मधली मोसंबीच्या बागेशी गाडा होता तेव्हा झाली, धाकटा नदीला पूर होता तेव्हा. तासभर ऐकल्यावर ती सहज बोलून गेली, "माझ्या थोरल्या दिराला मास्तरनं साळंत बशिवलं व्हतं. पाऊस उघडस्तवर. मंग गाडा हालला."

एवढा धागा पुरे होता. दीर म्हणजे मुलीच्या आजोबांचा सख्खा भाऊ, वडिलांकडील रक्तनाते. त्याची नोंद सापडली तर वंशावळीचे शपथपत्र जोडून ती चालणार होती. म्हातारीने सांगितलेले गाव दुधनेच्या काठी होते. तेथल्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना मी भेटलो. ते सज्जन गृहस्थ दोन रविवार आपल्या घरची कामे टाकून माझ्याबरोबर शाळेत बसले. लोखंडी पेटीत कापडी रुमालात बांधलेली दाखल खारीजची बाडे होती. काहींना वाळवी लागलेली, काहींची पाने एकमेकांना चिकटलेली, सर्वांत जुनी उर्दूत. १९५८ च्या पावसाळ्यातली ती ओळ दुसऱ्या रविवारी दुपारी सापडली. मुलाचे नाव, बापाचे नाव, वय अंदाजे आठ. जातीच्या रकान्यात लिहिले होते: लोहार.

माझे हातपाय गळाले. त्या गुरुजींनी भाता पाहिला असेल, ऐरण पाहिली असेल, आणि जे दिसले ते लिहिले असेल. त्यात त्यांचा काय दोष? परंतु लोहार निराळे, त्यांची यादी निराळी, घिसाडी निराळे. त्या एका शब्दाने मुलीचा हक्क गेल्यासारखा होता. तेवढ्यात मुख्याध्यापकांनी बोट शेवटच्या रकान्यावर ठेवले. शाळा सोडण्याच्या कारणासमोर, शेऱ्यात, त्याच गुरुजींच्या त्याच निळ्या शाईत लिहिले होते, 'घिसाडी. पालावर राहतात. पाऊस सरल्यावर परगावी गेले.' शेऱ्याचा रकाना बहुधा कोणी भरत नाही. भरला तर 'गैरहजर' एवढाच शब्द असतो. छप्पन वर्षांपूर्वीच्या त्या शिक्षकाने एक मूल शाळेतून का गेले हे लिहून ठेवण्याची तसदी घेतली होती, आणि त्याच तीन वाक्यांवर आता एका मुलीचे शिक्षण अवलंबून होते. मी त्या गुरुजींना मनोमन नमस्कार केला.

पुढचे मात्र सरळ झाले नाही. एका कचेरीने जातीचा रकाना ग्राह्य, शेरा ग्राह्य नाही, अशी त्रुटी काढली. त्रुटीची पूर्तता केली तर नावातल्या ऱ्हस्वदीर्घाची दुसरी त्रुटी निघाली. मी मसुदे केले, मुलीने सुवाच्य अक्षरात ते उतरवून काढले, बापाने दर खेपेला एका दिवसाची मजुरी बुडवली. शेवटी स्थानिक चौकशीचा हुकूम झाला आणि मंडळ अधिकारी स्वतः पालावर आले. ऐरणीशेजारी बसूनच पंचनामा झाला. आजीचे जन्मगाव लिहिण्याची वेळ आली तेव्हा त्यांची लेखणी थांबली. 'मौजे' हा छापील शब्द होता आणि त्यापुढे जागा रिकामी. "आजी, कुठं झालात तुम्ही?" "लिव्हा की, गाड्यात," ती म्हणाली. ते हसले नाहीत. बराच वेळ विचारपूस करून, तिच्या जन्माच्या वेळी गाडा ज्या गावी होता ते गाव त्यांनी लिहिले, आणि खाली पंचांच्या सह्या व आजीचा अंगठा घेतला. नातीने आजीला सारा पंचनामा वाचून दाखवला. आपल्या घराण्याविषयी सरकारने लिहिलेला मजकूर ती म्हातारी जन्मात पहिल्यांदा ऐकत होती, ती मधूनमधून मान डोलवी आणि म्हणे, "खरं हाय. खरं हाय."

दाखला आला, वैधताही आली. पण प्रवेशाच्या फेऱ्या संपल्यानंतर. मुलीचे वर्ष गेले. दुसऱ्या वर्षी तिने पदविकेला प्रवेश घेतला, शुल्काची प्रतिपूर्ती झाली, आणि आज ती नोंदणीकृत औषधनिर्माती आहे. गेलेल्या वर्षाचा हिशेब मात्र कोणत्याही मंजुरीपत्रात येत नाही.

निवृत्त झाल्यानंतर, २०२५ च्या जून महिन्यात, टेक्सासविषयीची एक बातमी वाचून मी बराच वेळ वर्तमानपत्र हातात धरून बसलो होतो. अमेरिकेत प्रत्येक राज्य आपल्या रहिवाशांना सरकारी विद्यापीठात कमी शुल्क लावते आणि परराज्यातल्यांना त्याच्या कित्येक पट. आईबापांबरोबर बालपणी त्या देशात आलेली, पण तेथे राहण्याचा परवाना नसलेली मुले कोठे मोडायची, असा तेथला प्रश्न. टेक्सासमधल्या टायलर नावाच्या गावच्या शाळा-मंडळाने अशा मुलांकडून प्राथमिक शाळेतही वर्षाला एक हजार डॉलर मागितले होते. तो वाद सर्वोच्च न्यायालयात जाऊन १९८२ साली, पाच विरुद्ध चार अशा निसटत्या मताने, शाळेचे दार त्यांना मोकळे झाले. महाविद्यालयाचे दार मात्र त्या निकालात नव्हते. ते २००१ साली टेक्सासने स्वतःच्या कायद्याने उघडले: मुलगा राज्यात तीन वर्षे राहिलेला असावा, तेथल्याच शाळेतून उत्तीर्ण झालेला असावा, आणि संधी मिळताच कायम वास्तव्यासाठी अर्ज करीन असे शपथपत्र त्याने द्यावे, म्हणजे त्याला रहिवाशाचेच शुल्क. कॅलिफोर्नियानेही त्याच वर्षी तशी तजवीज केली. टेक्सासची ती चोवीस वर्षांची सवलत, केंद्र सरकारने दावा लावताच आणि राज्याने त्याला संमती देताच, एका दिवसात संपुष्टात आली.

त्या देशाच्या सरहद्दीचा न्याय त्यांनी करावा. तो माझा विषय नव्हे. मला त्या जुन्या कायद्यातली एक अट मोलाची वाटते. त्यांनी आजोबांचा कागद मागितला नव्हता. मुलाच्या शाळेचाच कागद रहिवासाचा पुरावा मानला होता. आमची पालावरची मुले तर कोठूनही आलेली नाहीत. ती येथलीच, या देशाची नागरिक, आणि तरीही त्यांना परक्या मुलांपेक्षा कठीण परीक्षा. मराठवाड्यातल्या तीन शाळांमधून दहावीपर्यंत पोहोचलेल्या मुलाच्या हाती तीन शाळा सोडल्याचे दाखले असतात. जात राहू द्या, तिची शहानिशा व्हावीच. पण निदान रहिवासासाठी तरी तेवढे पुरे का असू नये?

आणि राज्याला मनात आणले की नियम वाकतो, हेही मी पाहिले आहे. सीमाभागातल्या ८६५ गावांतली मराठी मुले आज कर्नाटकच्या हद्दीत राहतात. तरी त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात महाराष्ट्राने त्यांच्यासाठी स्वतंत्र तरतूद ठेवली आहे, आणि ते योग्यच आहे. २०२३ साली आमच्याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी मराठवाड्यातल्या कचेऱ्यांतले जुने रुमाल सुटले, मोडी आणि उर्दू वाचणारे जाणकार बसवले गेले. त्या मागणीच्या गुणदोषांत मी येथे शिरत नाही. माझे म्हणणे इतकेच की, कागद शोधणे हे काम राज्य स्वतः करू शकते, हे त्या वेळी सर्वांनी पाहिले. मग घिसाडी, वैदू, नाथजोगी, पारधी, मसणजोगी यांच्यासाठी तेच रुमाल एकदा पुन्हा का सुटू नयेत? शेऱ्याच्या रकान्यात अशा किती ओळी निजल्या असतील! त्या शोधायला शिक्षण लागते, वेळ लागतो, आणि कचेरीत शिरण्याची छाती लागते. यांपैकी त्या माणसांपाशी काय आहे? ज्याच्या ताब्यात दफ्तर, त्यानेच दफ्तर चाळावे, आणि आठव्या कलमातला भार निदान या जमातींपुरता सरकारने आपल्या शिरावर घ्यावा, असे माझे पंचवीस वर्षांच्या अनुभवांती झालेले मत आहे.

तो दिवस येईल तेव्हा येवो. तोवर माझी विनंती मंत्र्यांना नाही, माझ्या टेबलावर आज जो कोणी बसला असेल त्याला, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत तशाच टेबलांवर बसणाऱ्यांना आहे. शाळेतल्या बंधुभगिनींनो, पालावरचे मूल दाखल करताना जन्मगावाचा रकाना रिकामा सोडू नका, जात ऐकून लिहा, पाहून लिहू नका, आणि ते मूल गेले तर शेऱ्यात दोन ओळी घाला. आणि महाविद्यालयातल्या माझ्या सहकाऱ्यांनो, मुदतीच्या शेवटच्या दिवशी कोणी प्लास्टिकच्या पिशवीत अर्धे कागद घेऊन आला, तर अर्ज त्याच्या हातात परत देऊ नका. तो घ्या, त्यावर आवक क्रमांक घाला, तारीख टाका, पोच द्या, आणि कोणते कागद कमी आहेत ते लेखी कळवा. लेखी पोच हाती असली की त्या मुलाला २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली दाखल्यासाठी पुढच्या कचेरीत उभे राहण्याचे बळ येते, आणि आपला अर्ज अस्तित्वात आहे हे त्याला दाखवता येते. परत दिलेल्या अर्जाची नोंद कोठेच राहत नाही.